दहा राग, डिस्को ठेका आणि अठ्ठावीस वर्षांनी आलेले श्रोते

1982 साली ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने एचएमव्हीच्या शिक्क्याखाली एक एलपी बाजारात आणली. नाव ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट’, वादक चरणजित सिंग. दहा राग, प्रत्येक सुमारे पाच मिनिटांचा. गायक नाही, तबला नाही, तानपुरा नाही. वाजतात ती मुख्यतः तीन यंत्रं, तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची. रेकॉर्ड चालली नाही आणि काही दिवसांत विस्मृतीत गेली.

2010 मध्ये नेदरलँड्समधल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या छोट्या लेबलने ती पुन्हा काढली आणि युरोप-अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या श्रोत्यांमध्ये खळबळ उडाली. ‘अ‍ॅसिड हाउस’ हा नृत्यसंगीताचा प्रकार शिकागोचा, आणि त्याची पहिली रेकॉर्ड 1987 ची, असं सगळे धरून चालले होते. इथे तोच नाद मुंबईत पाच वर्षं आधी निघालेल्या तबकडीवर ऐकू येत होता.

ध्वनिमुद्रण तेच, एक सूरही इकडचा तिकडे झालेला नाही. तरी एका पिढीने त्याकडे पाठ फिरवली आणि दुसरीने ते डोक्यावर घेतलं. या दोन्ही प्रतिक्रिया मी शक्य तितक्या बारकाईने तपासल्या आहेत. दोन्ही वेळा निकाल लागला तो बहुतांशी रेकॉर्डच्या बाहेरच्या गोष्टींवर, असं माझं मत झालं आहे. शीर्षकातले दोन शब्द, ‘राग’ आणि ‘डिस्को’. 1982 मध्ये त्यांची जोडी कुणाला जुळवता आली नाही. 2010 मध्ये त्यातला फक्त दुसरा ऐकला गेला. पहिल्या शब्दाचा हिशेब अजून बाकी आहे, आणि तो आपल्यासारख्या रागसंगीतावर पोसलेल्या श्रोत्यांनीच करायला हवा.

नाव नसलेले हात

चरणजित सिंग यांचा जन्म मुंबईचा, 1940 चा. हिंदी चित्रपटसंगीतात ते वादक होते. बेस गिटार, हवाईयन गिटार, ट्रान्सिकॉर्ड (अ‍ॅकॉर्डियनसारखं इलेक्ट्रॉनिक वाद्य) आणि पुढे सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वाद्य. शंकर-जयकिशन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, राहुलदेव बर्मन अशा बड्या संगीतकारांच्या ताफ्यात ते वाजवत. शिवाय त्यांचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा होता, लग्नसमारंभांत वाजणारा. सिनेमाच्या गाण्यांच्या धुना वाद्यांवर वाजवलेल्या त्यांच्या एलपीही निघाल्या होत्या.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. त्या काळी गाण्याच्या रेकॉर्डवर गायक, संगीतकार, गीतकार यांची नावं छापली जात; वादकांची नाहीत. गोव्याहून मुंबईत आलेले कितीतरी व्हायोलिनवादक, ट्रम्पेटवादक आणि अरेंजर याच पद्धतीने आयुष्यभर वाजवत राहिले. सबंध देश त्यांना रोज रेडिओवर ऐकत होता आणि कुणाला त्यांची नावं ठाऊक नव्हती. चरणजित सिंगांचंही तेच. त्यांच्या बोटांतून उतरलेला बेस लाखो लोकांच्या कानात होता, पण दुकानात त्यांच्या नावाची एलपी दिसली तर ‘हे कोण?’ असाच प्रश्न पडणार. प्रयोगशील रेकॉर्ड बहुधा वाजवणाऱ्यावरच्या विश्वासाने विकत घेतली जाते. रविशंकरांनी काही विचित्र केलं तर लोक निदान ऐकून बघतील. इथे तेवढीही पुंजी नव्हती.

मुंबईच्या स्टुडिओंना सिंथेसायझर नवा नव्हता. केर्सी लॉर्ड यांनी तो सत्तरच्या दशकातच चित्रपटसंगीतात आणला होता. पण तिथे त्याचं काम म्हणजे एखादा चमकदार तुकडा किंवा भुताटकीच्या प्रसंगाला आवाज, एवढंच. सबंध एलपी त्याच्या भरवशावर करायची हा विचार वेगळा होता. चरणजित सिंगांनी सिंगापूरहून रोलँडची नवी यंत्रं आणली, ती एकमेकांना जोडून बघितली आणि त्यांना वाट सापडली. नंतर सांगताना त्यांनी कारण अगदी साधं दिलं: तेव्हा सिनेमात सगळीकडे डिस्को होता, म्हणून वाटलं की डिस्कोचा ठेका ठेवावा, त्यावर आपले राग वाजवावेत आणि तबला काढून टाकावा.

यंत्रांत काय होतं

टीआर-808 हे ठेक्याचं यंत्र, 1980 मध्ये बाजारात आलेलं. ज्युपिटर-8 हा महागडा आणि भरदार आवाजाचा सिंथेसायझर, 1981 चा. तिसरं सगळ्यात छोटं आणि सगळ्यात महत्त्वाचं: टीबी-303. रुपेरी रंगाची एक लहानशी पेटी. एकट्याने रियाझ करणाऱ्या गिटारवादकाला सोबत म्हणून बेस वाजवून देणं हे तिचं काम. ते तिला जमलं नाही. तिचा आवाज बेस गिटारसारखा मुळीच नव्हता, सूर भरण्याची पद्धत किचकट होती, आणि 1984 मध्ये रोलँडने तिचं उत्पादन थांबवलं. मग ती जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळू लागली आणि शिकागोच्या तरुणांच्या हाती लागली.

त्या पेटीत सोळा घरं भरता येतात. प्रत्येक घरात एक सूर, आणि प्रत्येक सुराला दोन जादा सोयी. एकीने त्या सुरावर जोर देता येतो, दुसरीने तो सूर न तुटता पुढच्या सुरावर घसरत जातो. रागसंगीत ऐकणाऱ्याने ही दुसरी सोय नीट ऐकावी. हार्मोनियमला जे कधीच जमलं नाही ते या पेटीला थोडंसं जमतं. तिच्यात मींड आहे. मात्र ती एकाच मापाची मींड आहे: अंतर लहान असो की मोठं, घसरायला लागणारा वेळ ठरलेला. वाटेत रेंगाळणं नाही, श्रुतीवर, म्हणजे दोन सुरांमधल्या सूक्ष्म जागेवर, क्षणभर थांबणं नाही. गवयाची मींड जिथे जायचं तिथे पोचण्यापूर्वी जे काही सांगून जाते, ते सांगायला इथे सवड नाही.

सोळा घरं म्हटल्यावर आपल्याला सोळा मात्रांचा त्रिताल आठवतो, पण तसं नाही. चार ठोके आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग, अशी ती सोळा आहेत. शिवाय डिस्कोच्या ठेक्यात ‘खाली’, म्हणजे तालातली हलकी, बिनवजनाची जागा, नाही. तबल्यावर नवव्या मात्रेला डग्ग्याचा घुमारा सरतो आणि ऐकणाऱ्याला कळतं की आवर्तन अर्धं सरलं, आता सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, जवळ येतेय. 808 चा प्रत्येक ठोका सारख्याच वजनाचा पडतो. नाचणाऱ्याला तेच हवं असतं. कुठल्याही ठोक्यावर पाऊल टाका, चूक होणारच नाही. मात्र मैफलीत बसणाऱ्याचं समेची वाट बघण्याचं सुख त्यात जातं. 1982 च्या शास्त्रीय श्रोत्याला ही रेकॉर्ड बेचव वाटली असेल तर तिचं खरं कारण मला हे दिसतं. ‘यंत्राचा आवाज’ हे कारण मला वरवरचं वाटतं.

पहिली प्रतिक्रिया: मौन

1980 च्या ‘कुर्बानी’ने आणि नाझिया हसनच्या आवाजाने डिस्को घराघरांत पोचवला होता. 1982 च्या अखेरीस ‘डिस्को डान्सर’ आला. म्हणजे डिस्कोला गिऱ्हाईक नव्हतं असं कुणी म्हणू शकणार नाही. पण आपल्याकडे डिस्को म्हणजे गाणं होतं. त्याला मुखडा होता, आवाज होता, पडद्यावर नाचणारा नट होता. या एलपीवर यातलं काहीच नाही. पाच मिनिटं एक सुरावट गोल फिरते, तिच्यावर दुसरी उमलते, आणि संपते. घरी आणून वाजवली तर गुणगुणायला काही हाती लागत नाही.

दुसरीकडे शास्त्रीय श्रोता. त्याच्या तक्रारी मी अंदाजाने सांगतो, पण तो अंदाज अवघड नाही. आलाप नाही. तानपुरा नाही. शिवाय रागांचा क्रम पाहा: पहिल्या बाजूला भैरव, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, दुसऱ्या बाजूला मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. पहाटेच्या ललितानंतर संध्याकाळचा भूपाली आणि लगेच सकाळची तोडी. रागसमय मानणाऱ्याला हे खटकणारच. पहिल्याच भैरवाच्या सुरुवातीला ‘ॐ नमः शिवाय’ येतं तेही यंत्रातून निघालेल्या माणसासारख्या आवाजात. काहींना तो थिल्लरपणा वाटला असेल. मला तसं वाटत नाही. भैरव हा शिवाचा राग, आणि वादकाने परंपरेला केलेला तो नमस्कार सरळ मनाचा आहे.

पाच मिनिटांत राग मांडण्याची तक्रार मात्र टिकत नाही. अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर यांनी 78 च्या तबकड्यांवर साडेतीन मिनिटांत राग उभे केले, आणि महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांनी त्या झिजेपर्यंत ऐकल्या. वेळ कमी पडला हे कारण आपण तरी देऊ नये.

‘यंत्रात श्रुती नाहीत, राग यंत्रावर वाजूच शकत नाही’ या आक्षेपाचंही तसंच. तो आपल्याला चांगलाच ओळखीचा आहे. हार्मोनियमवर नेमका हाच आरोप होता, आणि त्यापायी ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये तिला बंदी घातली. ती बंदी सैल व्हायला 1971 उजाडलं. तेवढ्या काळात महाराष्ट्रात काय चाललं होतं? संगीत नाटकांत ऑर्गन वाजत होता, गोविंदराव टेंबे यांनी पेटीला एकल वाद्याचा मान मिळवून दिला होता, घरोघरी मुलं पेटीवर सरगम शिकत होती. बांधीव सुरांच्या वाद्यावर राग ‘सुचवता’ येतो, आणि उरलेलं ऐकणाऱ्याचा कान भरून काढतो, हे मराठी श्रोत्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यामुळे आपला श्रोता या रेकॉर्डला सामोरा जायला पुरेपूर तयार होता. ती त्याच्यापर्यंत पोचलीच नाही.

पोचवणार कोण, हा प्रश्न होताच. दुकानात ही एलपी शास्त्रीयच्या कप्प्यात ठेवायची, की सिनेमाच्या धुनांशेजारी, की डिस्कोत? आणि नेमक्या त्याच वर्षांत कॅसेटने एलपीचा बाजार खायला सुरुवात केली होती. जे हमखास खपेल ते कॅसेटवर जात होतं, बाकीचं मागे पडत होतं.

तरी एवढं खरं की ती छापली गेली, विकायला ठेवली गेली, कुणीतरी ती घेतली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवला आणि तिथे काही भारतीय संगीतकारांनी अतिशय धीट प्रयोग केले. त्यांच्या टेपा संस्थेच्या संग्रहातच राहिल्या. लोकांसमोर संकलन आलं ते 2023 मध्ये. त्या कामाला नाकारायलासुद्धा श्रोता मिळाला नव्हता. एचएमव्हीने काढलेली एलपी निदान एखाद्या दुकानाच्या ढिगात पडून राहू शकत होती. पुढचं सगळं त्यामुळेच घडलं.

दुसरी प्रतिक्रिया: आधी तारीख, मग संगीत

एदो बाउमन हा डच संग्राहक जुन्या हिंदी चित्रपटसंगीताच्या रेकॉर्डच्या शोधात भारतात येत असे. 2002 मध्ये दिल्लीत त्याच्या हाती ही एलपी आली. त्याने ती ऐकली आणि थक्क झाला. पण त्याला कोड्यात टाकलं ते मागे छापलेल्या सालाने. पुढे त्याने मुंबईत चरणजित सिंगांना शोधून काढलं, आणि 2010 मध्ये रेकॉर्ड नव्याने निघाली.

पश्चिमेकडच्या श्रोत्यांची पहिली प्रतिक्रिया चकित होण्याची, आणि तिच्या पाठोपाठ आली शंका. हे बनावट आहे. आजच्या कुणीतरी जुन्या यंत्रांवर वाजवून भारतीय नावाने खपवलंय. एफेक्स ट्विन या ब्रिटिश संगीतकाराचं नावसुद्धा घेतलं गेलं. शंकेमागे दोन गोष्टी होत्या: नाद फार ओळखीचा होता, आणि त्या नादाचा नकाशा लोकांच्या डोक्यात पक्का होता. शिकागो, डेट्रॉइट, मग लंडन आणि मँचेस्टर. मुंबई त्यात कुठेच नव्हती. नकाशात नसलेल्या गावाहून पत्र आलं तर पत्रच खोटं ठरवावं, तसं झालं. मूळ 1982 च्या प्रती संग्राहकांकडे होत्या, यंत्रं त्या सालात उपलब्ध होती, आणि सत्तरी गाठलेला वादक स्वतः समोर होता, तेव्हा ती शंका विरली.

मग गाडी दुसऱ्या टोकाला गेली. ‘अ‍ॅसिड हाउसचा शोध लावणारा भारतीय’ असे मथळे झळकले. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनीही ते आनंदाने उचलले. चरणजित सिंगांना अ‍ॅसिड हाउस म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं, आणि तसं त्यांनी सांगितलंही.

हा मथळा मला मान्य नाही. शिकागोच्या ‘फ्युचर’ या त्रिकुटाने 1987 मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ काढली तेव्हा त्यांनी मुंबईची एलपी ऐकलेली नव्हती. त्यांच्यामागून आलेल्यांनीही नाही. 303 पेटी तर 1982-83 मध्ये ब्रिटन आणि इटलीतल्या रेकॉर्डवरही वाजली होती. त्यापलीकडे ऐकण्याचा फरक आहे. फ्युचरने पेटी वाजत असताना तिची बटणं फिरवत नेली. एकच सुरावट कधी घोगरी, कधी किंचाळणारी होत जाते, आणि तो बदलता नाद हाच त्या रेकॉर्डचा सगळा विषय आहे. चरणजित सिंगांच्या एलपीवर 303 खालून फिरत राहते आणि मुख्य बोलणं ज्युपिटर-8 वर चालतं, त्यात रागाची बढत, म्हणजे टप्प्याटप्प्याने होणारा विस्तार, आहे. दोघांना एका खुंटीला टांगलं की शिकागोच्या कृष्णवर्णीय तरुणांनी स्वतःच्या क्लबमध्ये घडवलेलं काम हिरावलं जातं आणि मुंबईच्या वादकाचं काम ऐकायचंच राहून जातं.

त्या शिकागोच्या गाण्याची पहिली रात्र या प्रकरणाशी जोडून बघण्यासारखी आहे. रॉन हार्डी हा डीजे ‘म्युझिक बॉक्स’ क्लबमध्ये ते वाजवायचा. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा नाचणारे बाजूला झाले, जागा रिकामी पडली. त्याने त्याच रात्री ते पुन्हा पुन्हा वाजवलं, आणि चौथ्या वेळी लोक बेभान झाले, असं ते तिघं सांगत आले आहेत. म्हणजे अनोळखी नादाला पहिली प्रतिक्रिया तिथेही नकाराचीच होती. फरक इतकाच की तिथे त्याच श्रोत्यांसमोर, त्याच रात्री, हट्टाने चौथ्यांदा वाजवणारा माणूस होता. मुंबईच्या रेकॉर्डला तो मिळाला नाही.

रागाच्या कानाने

गाणं शिकलेल्या मित्रमंडळींना मी ही रेकॉर्ड ऐकवतो तेव्हा पहिल्या मिनिटाला शेरा ठरलेला असतो: ‘अरे, हा तर लग्नातला कॅसिओ!’ त्या आवाजाची आपली ओळख ऑर्केस्ट्रातून आणि वरातीतून झाली, त्याला इलाज नाही. पण ललित लावला की दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला खोली शांत होते, आणि मग कुणीतरी मध्यमांबद्दल बोलू लागतं.

ललितच का, ते सांगतो. ललितात पंचम नाही, आणि शुद्ध व तीव्र असे दोन्ही मध्यम लागोपाठ येतात. रागाची ओळख त्या शेजाराशेजारच्या दोन सुरांत इतकी घट्ट बसली आहे की बांधीव सुरांच्या वाद्यावरही ती हलत नाही. 303 ची पेटी त्या दोन मध्यमांवरून घसरते तेव्हा तिची ठरीव मापाची मींडसुद्धा पुरते, कारण अंतरच मुळी अर्ध्या सुराचं. भैरवाचं उलट आहे. भैरवाचा प्राण कोमल रिषभ आणि कोमल धैवत यांच्या संथ आंदोलनात, म्हणजे त्या सुरांना दिलेल्या हळुवार झोक्यात. ते आंदोलन या पेटीत बसत नाही, आणि ज्युपिटर-8 च्या सुरावटीला ती उणीव एकटीने भरून काढावी लागते. तिची धडपड ऐकू येते. पण भैरव अर्धाच हाती लागतो, असं माझं प्रामाणिक मत आहे.

भूपालीत अडचण आणखी वेगळी. सूर पाच, बांधीव वाद्याला सोपे. पण तेच पाच सूर देशकारालाही आहेत. भूपाली ठरतो गंधारावरच्या वजनाने, देशकार धैवताच्या. सोळा घरांची सुरावट सतत फिरत राहते तेव्हा सगळे सूर एका मोलाचे होऊ लागतात. इथे वादकाचं शिक्षण कामी येतं. वरची सुरावट कुठे थांबते, कुठे परतते, यावर राग सावरला जातो. या रेकॉर्डचं खरं कसब मला तिथे दिसतं.

ही रचनाही आपल्याला परकी नाही. तबल्याच्या एकलवादनात किंवा कथकमध्ये हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लेहरा धरला जातो. एकच सुरावट आवर्तनामागून आवर्तन, न थकता, न बदलता, आणि तिच्या आधाराने दुसरा कलाकार फुलतो. 303 ने धरलाय तो लेहराच, फक्त त्याच्यावर फुलतोय तो तबला नसून राग. तबला काढून टाकण्याचा निर्णय घेणाऱ्या वादकाला लेहऱ्याची गंमत पुरती ठाऊक होती, हे दहाही रागांत कळतं.

2010 नंतरच्या बहुतेक लिखाणात यंत्रांची नावं आणि साल पानभर असतात आणि राग एका ओळीत आटोपतात. ललित आणि बैरागी यांच्यात काय वेगळं झालं, मालकंसात रिषभ-पंचम नसताना बेसची सुरावट कशी बांधली, हे प्रश्न तिथे कुणाला पडले नाहीत, आणि त्यांच्याकडून ती अपेक्षाही नव्हती. ते त्यांच्या कानांनी ऐकत होते, आणि त्यांनी ही रेकॉर्ड वाचवली. त्यांच्या आग्रहामुळेच चरणजित सिंग उतारवयात परदेशांतल्या मंचांवर तरुण गर्दीसमोर हे राग वाजवू शकले. जुलै 2015 मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. या रेकॉर्डबद्दल त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: बाकीच्या एलपींवर दुसऱ्यांची सिनेमातली गाणी आहेत, ही माझी स्वतःची, आणि मी केलेल्या कामातली सर्वांत चांगली.

रागाशी ओळख असलेल्यांनी ऐकायला घेताना छापील क्रम सोडून द्यावा. आधी ललित, मग कलावती, मग मालकंस. ठेक्यात सम शोधू नये. ती तिथे नाहीच. खालच्या फिरत्या सुरावटीला लेहरा समजून कान वरच्या सुरावर ठेवावा. भैरव सगळ्यात शेवटी, तोपर्यंत त्या आवाजाची सवय झालेली असते.